फ्लिप कव्हर मिटलं तरी स्क्रीन चालूच? आधी लोहचुंबक शोधा, मग सेटिंग

फ्लिप कव्हरकडून अपेक्षा फार नसते. पाकळी मिटली की स्क्रीन बंद व्हावी, उघडली की लागावी. हे जमत नसलं की बहुतेक जण सेटिंग्ज उलथीपालथी करतात, हाती येईल ते चालू-बंद करतात आणि शेवटी कुणाच्या तरी सल्ल्याने फोन फॅक्टरी रिसेट करून बसतात. फोटो जातात, कव्हर मात्र तसंच राहतं.

कारण बहुतेक वेळा दोष सेटिंगमध्ये नसतोच. कव्हरमध्ये मसूरडाळीएवढा लोहचुंबक असतो, फोनमध्ये त्याला ओळखणारा सेन्सर असतो, आणि या दोघांची गाठ पडत नसते. म्हणून खालचा क्रम मोडू नका. सेटिंग्ज पाचव्या पायरीवर आहेत, ते मुद्दामच.

हाताशी काय हवं

- स्टेपलरची एक सुटी पिन आणि वीतभर बारीक दोरा
- एक छोटा, कडक, गोल लोहचुंबक
- चिकटपट्टीचे दोन-तीन बारके तुकडे
- फोनचं नेमकं मॉडेल (सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडलं की दिसतं)
- कव्हरचं आणि फोनचं बिल, बदलून घ्यायची किंवा सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आली तर

लोहचुंबकाबद्दल एक सूचना. फ्रिजवर चिकटवायचे जे रबरासारखे वाकणारे चपटे तुकडे मिळतात, ते इथे चालत नाहीत. त्यांच्यात उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे बारीक पट्टे एकाआड एक असतात, त्यामुळे ते पत्र्याला चिकटतात, पण दोन-तीन मिलिमीटरपलीकडे त्यांचा जोर उरत नाही. कडक गोळी घ्या. आणि स्पीकरचा भलामोठा लोहचुंबक तर अजिबात नको. बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून भिंग चुंबकीय बळावर हलतं, त्याच्याजवळ जोरदार लोहचुंबक नेणं बरं नाही.

१. आपलं कव्हर 'स्मार्ट' आहे का, हे आधी ठरवा

दुकानात सगळ्याच पाकळीवाल्या कव्हरांना फ्लिप कव्हर म्हणतात. प्रत्यक्षात त्यांच्या तीन जाती आहेत.

पहिली, साधं पाकिटासारखं कव्हर. कार्ड ठेवायला कप्पे, बाजूला लोहचुंबकाची पट्टी. ती पट्टी कव्हर मिटलेलं ठेवण्यापुरती. स्क्रीनशी तिचा काही संबंध नाही. 'माझं कव्हर काम करत नाही' ही तक्रार अनेकदा याच जातीबद्दल असते, आणि त्यावर उपाय नाही, कारण ते काम करण्यासाठी बनवलेलंच नसतं.

दुसरी, झोप-जाग करणारं कव्हर. पाकळीच्या अस्तराखाली एक वेगळा छोटा लोहचुंबक असतो. तो सेन्सरसमोर आला की स्क्रीन विझते.

तिसरी, खिडकीवालं. पाकळी न उघडता वेळ, फोन कुणाचा, गाणं कुठलं हे दाखवणारं. सॅमसंगने २०१३ मध्ये गॅलॅक्सी एस ४ बरोबर 'एस व्ह्यू' कव्हर आणलं. २०१४ मध्ये एलजीच्या जी ३ ला गोल खिडकी मिळाली, तर एचटीसीच्या वन एम ८ चं कव्हर सगळीकडे भोकं पाडलेलं होतं आणि त्या भोकांतून ठिपक्यांचे आकडे उजळायचे. या जातीत फोनला नुसता लोहचुंबक पुरत नाही. खिडकी कुठे आहे आणि केवढी आहे हेही कळावं लागतं. म्हणून सॅमसंगच्या अलीकडच्या अस्सल खिडकीवाल्या कव्हरात ओळख पटवणारी चिप असते. हुबेहूब दिसणाऱ्या स्वस्त नकलेत ती नसते. मग स्क्रीन विझते-लागते, पण खिडकीत घड्याळ येत नाही. त्याला सेटिंग काही करू शकत नाही.

२. कव्हरमधला लोहचुंबक शोधा

कव्हर फोनवरून काढा. पाकळी टेबलावर पसरा, आतली बाजू वर. स्टेपलची पिन दोऱ्याला बांधा आणि पाकळीपासून अर्धा सेंटिमीटर वर लोंबती धरा. आता वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने अगदी सावकाश खाली या. लोहचुंबक जवळ आला की दोरा तिरका होतो, पिन एका बाजूला ओढ घेते आणि मग टुणकन अस्तराला चिकटते. तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावा. थांबू नका, पूर्ण पाकळी फिरवून घ्या. दोन जागा सापडू शकतात.

बिजागरीच्या समोरच्या कडेला, साधारण मधोमध किंवा पट्टीच्या जिभेत सापडला, तर तो कव्हर मिटवणारा. पाकळीच्या अंगातच, कडेपासून थोडा आत, वरच्या किंवा खालच्या भागात सापडला, तर तो बहुधा झोप-जाग करणारा. फक्त पट्टीतच सापडला आणि पाकळीत कुठेच नाही, तर तुमचं कव्हर पहिल्या जातीचं. पुढच्या पायऱ्या वाचायची गरज नाही, थेट शेवटच्या भागाकडे जा.

३. फोनमधला सेन्सर शोधा

या सेन्सरला हॉल सेन्सर म्हणतात. एडविन हॉल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाला १८७९ मध्ये दिसलं की वीज वाहत असलेल्या पातळ पट्टीवर लोहचुंबकाचा प्रभाव काटकोनात पडला की पट्टीच्या दोन कडांमध्ये बारीकसा विद्युतदाब तयार होतो. फोनमधला सेन्सर याच तत्त्वावर चालणारं एक बटण आहे. प्रभाव ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की 'झाकण बंद', खाली आला की 'झाकण उघडं'. या दोन मर्यादा मुद्दाम थोड्या वेगळ्या ठेवलेल्या असतात, नाहीतर पाकळी किंचित हलली तरी स्क्रीन लुकलुकत राहिली असती.

आता चाचणी:

- स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ निदान २ मिनिटं करा. ३० सेकंदांवर असेल तर स्क्रीन स्वतःहून विझेल आणि तुम्हाला वाटेल सेन्सर सापडला.
- फोन टेबलावर ठेवा, होम स्क्रीन उघडी ठेवा.
- गोल लोहचुंबक काचेला टेकवून उजव्या कडेने वरून खाली सरकवा. घाई नको. मग खालची कड, डावी कड, वरची कड. मागे कॅमेरा जिथे आहे तो भाग टाळा.
- काहीच झालं नाही तर लोहचुंबक उलटा करून पुन्हा फिरवा. काही सेन्सर एकाच ध्रुवाला दाद देतात.

एका जागी आल्यावर स्क्रीन फटकन विझेल, बाजूला नेल्यावर लागेल. त्या जागी दुसरी चिकटपट्टी.

कुठेच काही झालं नाही, तर तीन शक्यता: सेटिंग बंद आहे, सेन्सर बिघडला आहे, किंवा फोनमध्ये तो मुळात नाही. तिसरी शक्यता स्वस्त फोनमध्ये अगदी नेहमीची. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या माहितीत सेन्सरची यादी असते. सॅमसंगच्या एस मालिकेतल्या फोनना तिथे 'हॉल सेन्सर' हे शब्द स्पष्ट लिहिलेले सापडतात. यादीत ते शब्द नसतील तर सेटिंग शोधण्यात संध्याकाळ घालवू नका.

काही कंपन्यांच्या फोनमध्येच चाचणीचा मेनूही दडलेला असतो. सॅमसंगमध्ये डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश असं दाबलं की चौकोनांचा तक्ता उघडतो. काही मॉडेलमध्ये त्यात 'हॉल आयसी' नावाचा चौकोन असतो. शाओमी आणि रेडमीमध्ये स्टार, हॅश, स्टार, हॅश, ६४८४, हॅश, स्टार, हॅश, स्टार. तिथल्या यादीत हॉल सेन्सर असेल तर तो उघडून लोहचुंबक जवळ-दूर करा, नोंद बदलताना दिसते. या मेनूत इतर गोष्टींना हात लावू नका.

४. दोन्ही खुणा जुळतात का, ते पाहा

कव्हर फोनवर बसवा आणि पाकळी मिटा. दोन चिकटपट्ट्या समोरासमोर आल्या पाहिजेत. दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, पण एक खूण वर आणि दुसरी तळाशी असेल तर कव्हर दुसऱ्याच मॉडेलचं आहे. एकाच नावाच्या फोनचा ४ जी आणि ५ जी अवतार असतो, दुकानदार 'दोन्हीला बसतं' म्हणून एकच कव्हर देतो. बसतंही. लोहचुंबक मात्र चुकीच्या जागी येतो.

खुणा जुळतात आणि तरी काम होत नाही, तर अंतर मोजा. लोहचुंबकाचा प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो असं ढोबळमानाने समजा: अंतर दुप्पट झालं की जोर आठव्या हिश्श्यावर. म्हणूनच पाकळीत तीन कार्डं, लायसन्स आणि घडी घातलेल्या नोटा कोंबल्या की ती फुगते, कडेला फट राहते आणि सेन्सरला लोहचुंबक 'दिसत' नाही. सगळं काढून रिकाम्या पाकळीने तपासा. स्क्रीन नीट विझली तर दोष कार्डांचा. जाड टेम्पर्ड ग्लासही अंतरात भर घालते, पण फुगलेल्या पाकळीएवढी नाही.

पाकळी सपाट बसते, जागा बरोबर आहे आणि तरीही लोहचुंबक कमी पडतो, तर एक जुगाड आहे. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात ५–६ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची निओडिमियमची (छोट्या पण जोरदार लोहचुंबकाची) चकती मिळते. आधी सेन्सरच्या खुणेवर ठेवून कोणती बाजू चालते ते पाहा, मग त्याच बाजूने पाकळीच्या आत दुहेरी चिकटपट्टीने लावा. उरलेल्या चकत्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन चकत्या गिळल्या गेल्या तर आतड्यात एकमेकींना खेचून गंभीर इजा करतात.

५. आता सेटिंग्ज

मेनूची नावं दर अपडेटला बदलतात, म्हणून सगळ्यात सोपं म्हणजे सेटिंग्जमधल्या शोधचौकटीत 'कव्हर', 'फ्लिप', 'ॲक्सेसरी' हे शब्द एकेक करून शोधा. फोनची भाषा इंग्रजी असेल तर इंग्रजी स्पेलिंगने.

सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ही सोय 'ॲडव्हान्स्ड फीचर्स' खाली 'ॲक्सेसरीज' मध्ये मिळते. तिथलं 'ऑटोमॅटिक अनलॉक' म्हणजे पाकळी उघडताच फोन उघडणं. काही फोनमध्ये अस्सल कव्हर बसवल्याशिवाय हा मेनू दिसतच नाही, त्यामुळे 'माझ्याकडे हा पर्यायच नाही' म्हणून घाबरू नका. शाओमीच्या काही फोनमध्ये 'स्मार्ट कव्हर' नावाचं स्वतंत्र बटण आहे. आयपॅडमध्ये 'डिस्प्ले अँड ब्राइटनेस' खाली 'लॉक/अनलॉक' असतं. आयफोनमध्ये असं सेटिंगच नाही. तिथे फ्लिप कव्हर घेतलं तरी 'ऑटो-लॉक' ३० सेकंदांवर ठेवणं एवढंच हातात उरतं.

इथे दोन गोष्टींत हमखास गोंधळ होतो.

पाकळी उघडली की स्क्रीन लागते, पण फोन पिन किंवा बोटाचा ठसा मागतोच. हा बिघाड नाही. लोहचुंबकाने पिन ओलांडता आला असता तर फोन उचलणारा कुणीही तुमचं यूपीआय ॲप उघडून बसला असता. 'ऑटोमॅटिक अनलॉक' नुसतं सरकवून उघडणाऱ्या लॉकपुरतं समजा.

दुसरी गोष्ट उलटी आहे, आणि जास्त महत्त्वाची. स्क्रीन विझली म्हणजे फोन लॉक झालाच असं नाही. लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन बंद झाल्यावर किती वेळाने लॉक' असा पर्याय असतो: लगेच, ५ सेकंद, ३० सेकंद, काहींत बरीच मिनिटं. ही चाचणी आत्ताच करा: पाकळी मिटा, तीन अंक मोजा, उघडा. पिन न मागता होम स्क्रीन आली तर ही वेळ 'लगेच' वर आणा. बसमध्ये फोन खिशातून कुणी काढला तर तेवढे सेकंद त्याला पुरतात.

पाकळी मिटलेली असूनही बॅटरी उतरत असेल तर तीन पर्याय तपासा: फोन उचलल्यावर स्क्रीन लागणं, दोनदा टिचकी मारून लागणं आणि 'ऑल्वेज ऑन डिस्प्ले' (स्क्रीन बंद असतानाही वेळ दाखवत राहणं). पहिले दोन बंद करा, तिसरा 'टॅप केल्यावर दाखवा' वर ठेवा. सॅमसंगमध्ये 'ॲक्सिडेंटल टच प्रोटेक्शन' चालू करा. ते खिशात किंवा पर्समध्ये नको ते बटण दाबलं जाणं टाळतं.

६. पाकळी मागे दुमडल्यावर स्क्रीन विझते

फोन एका हातात धरायला आपण पाकळी पूर्ण मागे वळवतो, आणि वाचता वाचता स्क्रीन काळी. पॉवर बटण दाबलं की लागते, पुन्हा विझते. बिघडलेला फोन समजून लोक दुकानात नेतात तो हा प्रकार.

होतं असं की पाकळी मागे गेली तरी लोहचुंबक सेन्सरच्या जागीच येतो, फक्त पुढून न येता मागून. पाकळी पूर्ण गोल फिरलेली असल्यामुळे त्याच्या ध्रुवांची दिशाही पूर्वीसारखीच राहते. म्हणजे एकाच ध्रुवाला दाद देणारा सेन्सरही फसतो. मध्ये फरक उरतो तो फक्त फोनच्या जाडीचा, आणि फोन जितका बारीक तितका हा त्रास जास्त. पट्टीवाल्या कव्हरात पट्टीचा जोरदार लोहचुंबकही हेच करतो.

तपासायला सोपं: पाकळी मागून बोटभर दूर धरा. स्क्रीन लागून राहिली तर निदान पक्कं. उपाय म्हणजे पाकळी मागे दुमडताना थोडी खाली-वर सरकवून धरणं, किंवा कमी जोराचा लोहचुंबक असलेलं कव्हर. कव्हराची सोय नकोच असेल आणि फोनमध्ये बटण असेल, तर ते सेटिंग बंद करणं हाही सरळ मार्ग आहे.

लोहचुंबक असलेला अंगठीचा स्टँड, गाडीतला लोहचुंबकाचा होल्डर, लॅपटॉपच्या कडेवर टेकवलेला फोन, एकावर एक ठेवलेले दोन फोन हेही याच यादीत. खिडकीवाल्या कव्हरात तर होल्डरसाठी फोनच्या मागे चिकटवलेली पत्र्याची पट्टी चिपची ओळखही अडवू शकते.

७. फोनवर बोलताना

इथे दुसरा सेन्सर येतो: फोन कानाजवळ आला की स्क्रीन विझवणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर. बोलताना स्क्रीन काळी राहिली, कान काढला तरी लागेना, तर लोहचुंबकाला दोष देऊ नका. काळ्या कडेची स्क्रीन गार्ड, धूळ किंवा पाकळीची कड त्या सेन्सरवर आली असेल. मऊ कापडाने पुसा, गार्ड काढून पाहा. हॉल सेन्सर फोनच्या आत असतो, तो पुसून काही होत नाही. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये खरा प्रॉक्सिमिटी सेन्सर नसतो, आवाजाच्या न ऐकू येणाऱ्या लहरींवरून अंदाज बांधला जातो, आणि पाकळी मध्ये आली की तो अंदाज चुकतो.

समोरच्याला आवाज खोलातून येत असेल तर मागे दुमडलेली पाकळी उचलून बोला. गोंगाट कमी करणारा दुसरा माइक अनेक फोनमध्ये मागे, कॅमेऱ्याशेजारी असतो आणि पाकळी नेमकी त्यावर बसते.

८. तरीही जमलं नाही

रीस्टार्ट करा. मग सेफ मोड: त्यात तुम्ही टाकलेली ॲप बंद असतात. सॅमसंगमध्ये पॉवर मेनूतलं 'पॉवर ऑफ' दाबून धरलं की पर्याय येतो. सेफ मोडमध्ये कव्हर नीट चाललं तर एखादं ॲप आड येतंय. स्क्रीन बंद-चालू करणारी, लॉक स्क्रीन बदलणारी ॲप आधी काढा. सेफ मोडमध्येही तेच, चाचणीच्या मेनूतही सेन्सर निर्जीव, आणि हे फोन पडल्यापासून किंवा डिस्प्ले बदलल्यापासून सुरू झालं असेल, तर प्रश्न हार्डवेअरचा. सर्व्हिस सेंटरला 'कव्हर चालत नाही' असं सांगू नका, ते दुसरं कव्हर घ्या म्हणतील. 'सुट्या लोहचुंबकानेही हॉल सेन्सर दाद देत नाही' असं सांगा आणि समोर करून दाखवा.

९. लोहचुंबकामुळे होणारे इतर त्रास

नकाशात बाण भलत्या दिशेला वळतो. कव्हर काढून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, होकायंत्र ताळ्यावर येतं. काळ्या पट्टीची कार्डं, विशेषतः हॉटेलच्या खोलीची, कव्हरच्या पट्टीतल्या लोहचुंबकाशेजारी ठेवू नका. वायरलेस चार्जिंग करताना कार्डं बाहेर, पाकळी उघडी.

घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल तर हे नीट वाचा. पेसमेकर बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली असतो, आणि आपल्याकडे शर्टाचा खिसाही डावीकडेच. लोहचुंबक असलेलं कव्हर त्या खिशात नको. निदान १५ सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि डॉक्टरांना विचारा.

१०. नवं कव्हर घेताना

पूर्ण मॉडेल सांगा, ४ जी की ५ जी तेही. दुकानातच कव्हर बसवून पाकळी तीनदा उघडमीट करा, मग पूर्ण मागे दुमडून दहा सेकंद स्क्रीन पाहा. मग आपली दोन-तीन कार्डं कप्प्यात घालून पुन्हा तेच. ऑनलाइन घेत असाल तर माहितीत 'वॉलेट' आणि 'मॅग्नेटिक लॉक' एवढंच असेल तर ते पहिल्या जातीचं. 'ऑटो स्लीप-वेक' हे शब्द हवेत. आल्याबरोबर स्टेपलची पिन फिरवून पाहा, परत करण्याची मुदत संपायच्या आत.